बत्तीसाब, दुसरी सीडी अजून माझ्याकडेच आहे

यासास बत्तीसाब,

जहाजावर कुणी तुम्हाला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. आम्हा हिंदुस्थानी खलाशांत चीफ इंजिनियर म्हणजे बडासाब आणि इलेक्ट्रिशियन म्हणजे बत्तीसाब. माणूस कुठल्या देशाचा ते नंतर बघायचं. तुमचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. ग्रीसमधल्या खिओस बेटाचे, कानामागे टेस्टर खोचणारे आणि इंजिन रूमच्या गोंगाटात स्वतःशीच गुणगुणणारे, एवढ्यावर ओळखणारे ओळखतील.

पत्र असं उघड्यावर लिहायचं कारण साधं आहे. कंपनीच्या ऑफिसकडे मी दोनदा तुमचा पत्ता विचारला. पहिल्यांदा उत्तर आलं नाही, दुसऱ्यांदा ऑफिसच उरलं नव्हतं. आणि मराठीत का, तर माझी ग्रीक स्विच-पॅनेलवरच्या चिठ्ठ्यांपुरती आणि ॲना विसी या गायिकेच्या गाण्यांपुरती. तेवढ्या शब्दांत आभार मानायला गेलो तर 'पंप चालू, प्रेम फार' असलं काहीतरी होईल.

जानेवारी 2001. माझा पहिलाच करार, वायपर म्हणून, म्हणजे इंजिन रूमचा सफाईवाला. रत्नागिरीच्या आयटीआयमधून वायरमन होऊन निघालेला मी, आणि हातात आल्या त्या चिंध्या, डिझेल आणि बिल्ज, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणारं घाण पाणी, उपसायची बादली. जहाज जुनं बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल वाहणारं, मागच्या बाजूला नावाखाली लिमासोल लिहिलेलं, म्हणजे झेंडा सायप्रसचा. पॅनेलवरच्या मूळ पितळी पट्ट्या झिजून गुळगुळीत झालेल्या, त्यांच्यावर तुम्ही नि तुमच्या आधीच्यांनी ग्रीकमध्ये लिहून चिकटवलेल्या चिठ्ठ्या. एका रात्री सेकंड साबनं, म्हणजे सेकंड इंजिनियरनं, फोनवरून सांगितलं, बिल्ज पंप बंद कर. दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी, दोन्हींचा पहिला शब्द एकच. तो 'आन्द्लिया', म्हणजे पंप, हे आता कळतं. पुढे एकीवर सेन्दिना, म्हणजे बिल्ज. दुसरीवर थालासा, समुद्र.

मी समुद्र बंद केला.

जनरेटरला थंड ठेवणारं पाणी थांबलं आणि अलार्म कोकलायला लागला. तुम्ही सपाता घालून जिन्यावरून खाली आलात, मला एका हातानं बाजूला सारलंत, पंप सुरू केलात. नुकसान काही झालं नाही. सेकंड साब धावत आला, तुम्ही त्याला ग्रीकमध्ये काहीतरी बोललात आणि तो माझ्याऐवजी तुमच्यावरच ओरडला. मला वाटलं, तुमचं आपसातलं काही असेल. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये आमच्या गोव्याच्या भंडाऱ्यानं, म्हणजे जहाजावरच्या आचाऱ्यानं, उलगडा केला. तुम्ही म्हणाला होतात, चिठ्ठी मी लिहिलीय, पोराला वाचता येत नाही, तर चूक चिठ्ठीची.

पहिल्या करारातच माझ्या नावापुढे शेरा पडला असता तर दुसरा करार मिळणं कठीण होतं. घरी हप्ते होते. हे तुम्हाला मी तेव्हा सांगू शकलो नाही, कारण तेवढी भाषा नव्हती.

आठवड्याभरात जहाज पिरेअस बंदराजवळच्या पेरामाला दुरुस्तीला लागलं. समोर सालामिना बेट, मधल्या पट्ट्यात गाड्या-माणसं घेऊन फेऱ्या मारणाऱ्या बोटी. हल्ली दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट बघितली की मला पेरामाच आठवतं. एका संध्याकाळी मला पिरेअसच्या बाजारात नेताना 'केंद्रो' म्हणालात आणि मी चपापलो, कारण शब्द आमचाच होता. तुमचा केंद्रो आणि आमचं केंद्र एकाच घरचं, हे मला पुढे एका मास्तरांनी सांगितलं. तिथल्या एका दुकानात तुम्ही खिशातून द्राख्मा, म्हणजे तुमचं तेव्हाचं चलन, मोजून दिलेत, तो द्राख्माही संस्कृतात द्रम्म होऊन आमच्याकडे दाम झालेला. त्यानंतर वर्षभरात तुमच्या देशात युरोच्या नोटा आल्या. आमच्याकडे मात्र दाम चालूच आहे.

तर पिरेअसच्या त्या दुकानात तुम्ही दाम मोजून घेतलात तो ॲना विसीचा 'क्राव्यी'. क्राव्यी म्हणजे किंकाळी. दोन सीडींचा अल्बम, डिसेंबर 2000 मध्ये आलेला, आणि त्या हिवाळ्यात ग्रीसमध्ये जोरात खपत होता. मला वाटलं, स्वतःसाठी घेतलात. जहाजावर परतल्यावर मेगर टेस्टचे, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन तपासल्याचे, जुने कागद काढलेत, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत एका गाण्याचं नाव लिहिलंत आणि बोट ठेवून म्हणालात, वाच.

'आगापी इपेर्वोलिकी.'

आज मलाही पोरांना शिकवायचं असतं तर मी हेच दोन शब्द घेतले असते. ग्रीक मुळाक्षरं 24, आणि या दोन शब्दांत त्यातली 12 येतात. मी नंतर मोजली. अर्धी वर्णमाला एका गाण्याच्या नावात! शिवाय सगळे सापळे तिथेच. इंग्रजी पी दिसतो, तो र. बी दिसतो, तो व. एच दिसतो, तो चक्क इ. आणि इ तरी किती, दोन शब्दांत तीन निरनिराळ्या अक्षरांनी लिहिलेला. र्‍हस्व-दीर्घाला वैतागणारा आमचा माणूस तिथे रडेल. त्यातलंच एक अक्षर 'क्राव्यी'मध्ये अ च्या मागोमाग आलं की इ सोडून व होतं. मी विचारलं का, तर तुम्ही खांदे उडवलेत.

अर्थ विचारल्यावर दोन्ही हात पसरून दाखवलेत: प्रेम, पण मापाबाहेरचं. मी भंडाऱ्याला मराठीत 'अतिरेकी प्रेम' असं सांगितलं आणि तो ओट्याला टेकून हसत बसला.

डिस्कमनला, म्हणजे खिशातल्या सीडी प्लेयरला, तुम्ही स्वतः सोल्डर केलेला छोटा स्पीकर, वर्कशॉपच्या टेबलावर. एक ओळ ऐकायची, कागदावर तिचा शब्द शोधायचा, मग तेच अक्षर पॅनेलवर जाऊन दाखवायचं. महिन्याभरात मी सगळ्या चिठ्ठ्या वाचायला लागलो. बोलणं मात्र अडखळतच राहिलं. तुमचं 'ने' म्हणजे हो, आमचं 'ने' म्हणजे घेऊन जा. तुम्ही शिडीवरून मान डोलावत 'ने, ने' म्हणायचात आणि मी टेस्टर घेऊन पार दुसऱ्या टोकाला! शिडीवरून तुम्ही घातलेल्या शिव्यांचा अर्थही भंडाऱ्यानंच सांगितला, तो इथे नको.

गायिकेबद्दल बोलताना तुमचा आवाज बदलायचा. बाई सायप्रसमधल्या लार्नाकाच्या, 1973 मध्ये घरच्यांबरोबर अथेन्सला आल्या. युरोव्हिजनला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेला, 1980 मध्ये ग्रीसकडून गायल्या, 1982 मध्ये सायप्रसकडून, आणि सायप्रसला पाचवा क्रमांक मिळवून दिला. जहाजाच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवून म्हणायचात, आपल्या झेंड्याची आहे ती. गाणी निकोस कार्वेलासची. तो तिचा नवरा होता. घटस्फोट होऊनही वर्षं लोटलेली, तरी दोघं मिळून गाणी करतच होते. याचं तुम्हाला भारी नवल. तुमच्या घरी काय होतं ते मी कधी विचारलं नाही. पण त्या गोष्टीवर तुम्ही दर वेळी सिगारेट पेटवायचात, हे पाहिलंय.

आभार मानायचे ते मुख्यतः पुढच्या कामासाठी. मार्चमध्ये तुम्ही बडासाबकडे गेलात आणि या वायपरला वायरमनचं काम येतं, बादलीवर कशाला वाया घालवता, असं सांगून मला दुपारचे चार तास तुमच्या हाताखाली घेतलंत. मोटर उघडणं, बेअरिंग बदलणं, वाइंडिंग सुकवणं, मेगरचा आकडा वहीत लिहिणं. त्यातलं निम्मं आयटीआयमध्ये शिकलो होतो, पण तिथली मोटर कधी सव्वीस अंशांना कलली नव्हती.

ईस्टर 15 एप्रिलला होता आणि तुम्हाला त्याआधी घर गाठायचं होतं. खिओसवरच्या तुमच्या व्रोन्दादोस गावाला ईस्टरच्या रात्री दोन चर्चची माणसं एकमेकांच्या घंटाघरावर घरी केलेले हजारो अग्निबाण सोडतात, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मला थाप वाटली होती. पुढे व्हिडिओ पाहिले. आमचा शिमगा त्यापुढे गरीब. सुवेझला लाँच आली, तुम्ही माझ्या हातात मस्तिखाची पुडी आणि 'क्राव्यी'ची डबी ठेवलीत, म्हणालात, 'सिगा सिगा', हळूहळू. मस्तिखा म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधीवाल्याकडे मिळणारी रुमी मस्तकी, हे मी आईला दाखवल्यावर कळलं.

रात्री वॉच संपवून डबी उघडली, तर आत एकच सीडी. दुसरी. पहिली तुमच्या डिस्कमनमध्येच राहून खिओसला गेली होती.

पुढची कितीतरी वर्षं माझ्याकडे दोन्ही सीडींच्या गाण्यांचे तुम्ही लिहिलेले कागद, पण ऐकायला अर्धीच गाणी. 2006 मध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून माझा पहिला करार झाला. त्या मे महिन्यात जहाज पिरेअसलाच होतं आणि एजंटच्या ऑफिसातल्या टीव्हीवर अथेन्सचं युरोव्हिजन चालू होतं. बाई यजमान ग्रीसकडून गायल्या, नववा क्रमांक आला. ऑफिसातली माणसं हळहळली. मी नव्या बॉयलर सूटमध्ये उभा राहून गर्दीत तुम्हाला शोधत होतो, उगीच.

पहिल्या सीडीतली गाणी शेवटी इंटरनेटवर सापडली. त्यातलं एक तुम्ही रोज गुणगुणायचात. मूळ चाल ऐकली आणि मला वाटलं, बाई चुकल्या. चार वेळा ऐकल्यावर पटलं की चुकत तुम्ही होतात.

आता मी दापोलीत असतो, समुद्र सोडला. हाताखाली आलेल्या वायपरांपैकी तिघांना मी पॅनेलजवळ घेतलं. त्यांना चिठ्ठ्या इंग्रजीत लिहून दिल्या, गाण्यांचं तेवढं जमलं नाही.

ग्रीक जहाजांवर आजही आपली पोरं आहेत. त्यांच्यापैकी कुणाला खिओसचे एक म्हातारे इलेक्ट्रिशियन भेटले तर एवढा निरोप द्या: डबी माझ्याकडे आहे, कागदही आहेत. दुसरी सीडी तिसऱ्या गाण्यावर अडकते, बाकी चालते. पहिली अजून त्या डिस्कमनमध्येच असेल तर काढून ठेवा, मी डबी घेऊन येतो.

एफ्खारिस्तो, बत्तीसाब.

तुमचा,
समुद्र बंद केलेला वायपर