ड्रॉइंगवर ‘टिपिकल’ नको, संख्या लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या प्रवेशांची माहिती सध्या आपल्या दैनिकात येत आहे आणि तिच्या शेजारीच ‘कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढणे) शिका, नोकरी मिळवा’ अशा जाहिरातीही दिसतात. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षे तपासणी विभागात काम केल्यामुळे एका बारीकशा वाटणाऱ्या गोष्टीविषयी लिहावेसे वाटते. एकच माप जॉबवर, म्हणजे बनवायच्या भागावर, अनेक ठिकाणी लागू होत असेल, तर ते ड्रॉइंगवर कसे नोंदवायचे, हे आमच्याकडे शिकून आलेल्या बहुतेक मुलांना ठाऊक नसे.

कोणतेही माप ड्रॉइंगवर एकदाच द्यावे, हा नियम सर्वांना पाठ असतो. प्लेटवर ९ मिलिमीटरची सहा भोके असतील, तर एकाच भोकाला रेघ काढून ‘६× ⌀९’ (⌀ म्हणजे व्यास) असे लिहावे, म्हणजे ड्रॉइंगवर गर्दी होत नाही आणि आकडाही स्पष्ट राहतो. अमेरिकी मानक एएसएमई वाय १४.५ असो किंवा आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२९ असो, दोन्हींत आधी संख्या आणि मग माप हीच पद्धत आहे. प्रत्यक्षात मात्र एका भोकाला माप देऊन पुढे ‘टीवायपी’, म्हणजे टिपिकल (‘अशा सगळ्या ठिकाणी हेच माप’), ही तीन इंग्रजी अक्षरे चिकटवली जातात. ‘टिपिकल पुणेरी’ म्हणताना किती पुणेकर, हे कोणी मोजत नाही. ड्रिलिंग मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते मोजावेच लागते.

आमच्याकडे एकदा अशाच एका झाकणाचे काम आले होते. त्यावर आठ भोके होती. त्यांपैकी सहा बोल्टसाठी ९ मिलिमीटरची आणि दोन, भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या डॉवेल पिनसाठी, ८ मिलिमीटरची, रीमर मारून नेमकी करायची होती. निम्म्या प्रमाणात काढलेल्या ड्रॉइंगवर आठही वर्तुळे सारखीच दिसत होती. ‘⌀९ टीवायपी’ एका भोकावर लिहिले होते आणि डॉवेलचे माप दुसऱ्या छेददृश्यात एका कोपऱ्यात होते. कारागिराने आठही भोके नऊची पाडली आणि पूर्ण लॉट भंगारात गेला. दोष कारागिराच्या माथी मारला गेला. ‘६×’ एवढे लिहिले असते, तर सहा मोजून झाल्यावर उरलेल्या दोन भोकांपाशी त्याचा हात आपोआप थांबला असता. तपासणीतही हाच घोळ होतो. ड्रॉइंगवरील प्रत्येक मापाला फुगा काढून क्रमांक देताना ‘६×’ असेल तर सहा वाचने नोंदवायची हे कळते, ‘टीवायपी’ असेल तर जो तो आपापल्या सोयीने मोजतो.

कॅडमुळे ही चूक कमी व्हायला हवी होती, पण काही बाबतींत ती अधिक लपून राहते. ऑटोकॅडमध्ये मापाचा मजकूर बदलताना ‘६× <>’ असे लिहिले, तर त्या कोनी कंसांच्या जागी मोजलेले खरे माप येते आणि आकृती बदलली की तेही बदलते. घाईत असलेला मुलगा कंस पुसून ‘६× ९’ असे हाताने टाकतो. पुढे भोक ११ चे केले, तरी कागदावर ९ च राहते आणि फाईल पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. सॉलिडवर्क्ससारख्या प्रणालीत होल कॉलआउट, म्हणजे भोकाचे माप आपोआप लिहिणारी सोय, नीट वापरले, तर संख्या मॉडेलमधूनच घेता येते. ती सोय असताना हाताने आकडा टाकणे हा निव्वळ आळस आहे.

समान अंतरावरील भोकांबाबत तर अधिकच जपायला हवे. ४० मिलिमीटरच्या अंतराने एका रांगेत सहा भोके असतील, तर ‘५× ४०’ लिहिणे सुटसुटीत दिसते. परंतु मापात किती फरक चालेल, म्हणजे सूट, ठरवणाऱ्या आयएसओ २७६८ या मानकाच्या मध्यम श्रेणीत ४० च्या मापाला ±०.३ मिलिमीटरची सूट असते, आणि साखळीने मोजत गेल्यास शेवटच्या भोकापर्यंत ती ±१.५ पर्यंत साठू शकते. तेच शेवटचे भोक पहिल्यापासून थेट २०० असे दिले, तर सूट ±०.५ एवढीच उरते. यांतले काय हवे, हे जोडणीत समोर येणारा भाग पाहून ड्रॉइंग काढणाऱ्यानेच ठरवायचे असते. सॉफ्टवेअर ते ठरवत नाही.

संख्येविना लिहिलेली प्रत्येक सामायिक सूचना चूक असते, असे मात्र मी म्हणत नाही. ‘न दर्शविलेल्या सर्व त्रिज्या ३ मिमी’ अशी टीप शीर्षकचौकटीजवळ दिली, तर ती सर्वांना समजते, कारण ‘सर्व’ या शब्दात शंका उरत नाही.

आयटीआयचा यांत्रिक ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. एवढ्या अवधीत मुलांना कमांड पाठ होतात, मग मानकांसाठी वेळ नाही असे म्हणता येणार नाही. शाळा-महाविद्यालयांसाठी भारतीय मानक ब्युरोने काढलेली एसपी ४६ ही पुस्तिका प्रत्येक कॅड प्रयोगशाळेत मुलांच्या हाताशी असावी. प्रात्यक्षिक परीक्षेत नुसती आकृती तपासून गुण न देता, विद्यार्थ्याची छापील प्रत दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावी आणि तेवढ्या कागदावरून एकूण भोके किती व कोणत्या मापाची हे त्याच्याकडून लिहून घ्यावे, अशी संबंधित विभागांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त तपासनीस, चिंचवड