चेहऱ्याच्या झडतीलाही वॉरंट हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलिसांनी चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवले तर निर्दोष माणसाने घाबरण्याचे कारण नाही, असे सर्रास सांगितले जाते. साध्या हिशेबातही हे टिकत नाही. समजा, एका चौकातून दिवसाला १ लाख लोक जातात आणि यंत्र हजारात एकदाच चुकते. तरी रोज सुमारे १०० जणांवर विनाकारण संशयिताचा शिक्का बसेल.

त्या शिक्क्याचे पुढे काय होते, हे अमेरिकेतील डेट्रॉइट शहराने पाहिले आहे. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या पोलिसांनी घड्याळचोरीच्या आरोपावरून एका कृष्णवर्णीय गृहस्थांना त्यांच्या घरासमोर, पत्नी आणि दोन लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या, कारण दुकानातील अंधूक चित्रणाशी त्यांच्या वाहन परवान्यावरचा फोटो जुळतो, असे संगणकाने सांगितले होते. चौकशीत त्यांनी चित्रणातल्या चोराचा छापील फोटो उचलून स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरला. तरीही सुमारे तीस तास ते कोठडीत होते. केवळ अशा जुळणीवरून अटक करणार नाही, हे त्या पोलिसांनी २०२४ मध्ये मान्य केले, तेही न्यायालयात खेचले गेल्यावर.

यंत्र सुधारले की प्रश्न मिटेल, असे मात्र नाही. मला तर अचूक यंत्राचीच अधिक धास्ती वाटते, कारण कोण कोणत्या निषेध सभेला गेले, कोणत्या वकिलाकडे वारंवार जाते, याची बिनचूक नोंद त्यातून सहज तयार होते. घराची झडती घ्यायची तर पोलिसांना एरवी न्यायाधीशापुढे कारण मांडावे लागते. मग रस्त्यावरच्या हजारो चेहऱ्यांची झडती कोणालाही न विचारता कशी चालते? साउथ वेल्स पोलिसांच्या अशाच वापराला ब्रिटनमधील अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये बेकायदा ठरवले. शोधयादीत कोणाला घालायचे आणि कॅमेरा कुठे लावायचा, हे बरेचसे पोलिसांच्या मर्जीवर सोडले होते, हा त्यातला कळीचा आक्षेप होता.

हरवलेले मूल शोधायला हे तंत्रज्ञान जरूर वापरावे. पण यादीत नाव कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणाच्या लेखी आदेशाने आणि किती दिवस राहील, हे कायद्यातच लिहिलेले असावे; न जुळलेला चेहरा तत्काळ पुसला जावा आणि जुळणीवरून ज्याला पकडले, त्याला ती जुळणी पाहण्याचा व खोडून काढण्याचा हक्क मिळावा.

आपला,
एक वाचक