एकोणपन्नास टक्के

मिलवॉकी,
24 मे 2015

प्रिय दिल्या,

दिवाळीत तुझा व्हॉट्सअ‍ॅप आला होता, "जिवंत आहेस का?" उत्तर आज देतोय, आणि तेही कागदावर, कारण फोनवर हे सांगायला लागलो असतो तर तू अर्ध्यातच फोन ठेवला असतास. जिवंत आहे. बीपीची गोळी चालू झाली, पाठ धरते कधीमधी, बाकी बरं.

गाडी घेतली. हसू नकोस, आधी ऐक. ईबीआर 1190 आरएक्स, म्हणजे एरिक बुएल रेसिंगची मोटरसायकल. लाल.

शाहूपुरीतल्या रद्दीवाल्याकडून आणलेलं ते अमेरिकन मासिक आठवतंय? त्यातलं बुएलच्या गाडीचं पान तू लेथच्या वर भिंतीला चिकटवलं होतंस आणि वर्षभरात त्यावर इतकं कूलंट उडालं की नुसतं पुढचं चाक दिसायचं. तोच एरिक बुएल. चाकही अजून तसंच विचित्र करतो. पुढे डिस्क एकच, पण 386 मिलिमीटरची, हबला नाही तर रिमच्या कडेला अडकवलेली, आणि 8 पिस्टनचा कॅलिपर तिला आतल्या बाजूने धरतो. पेट्रोल फ्रेममध्ये! अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम पोकळ, तीच टाकी. टाकी म्हणून जी दिसते तिच्याखाली नुसता हवेचा डबा. सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली. सगळं वजन मधे आणायचं, हा त्या माणसाचा तीस वर्षांचा हट्ट. पेट्रोल सोडून 190 किलो भरते, 185 हॉर्सपॉवर. तुझ्या यामाहा आरएक्सची 11 होती आणि मी तेवढ्यातच पन्हाळ्यावर काय केलं ते तू अजून लग्नाकार्यात सांगतोस.

आता खरी गोष्ट. कंपनी 15 एप्रिलला बंद पडली आणि मी गाडी घेतली 2 मे रोजी. म्हणजे माहीत असून घेतली. नवीकोरी, शोरूममध्ये उभी, 2014 ची. मूळ किंमत 18,995 डॉलर. विकणाऱ्याला ती डोळ्यासमोर नको होती, त्याने बारा हजारांच्या आत दिली. सुजाता म्हणाली, "मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच." मग दोन दिवस बोलली नाही. तिचं चुकत नाही. उद्या साधा सेन्सर गेला तर कुणाच्या दारात उभा राहणार? रात्री झोप येत नाही तेव्हा मी पार्टची यादी करतो. फिल्टर मिळेल, चेन मिळेल, टायर मिळतील, इंजिनाचं काहीबाही जुन्या बुएलवाल्यांकडून जमेल. फ्रेमला काही झालं तर संपलं. मग उठून गॅरेजमध्ये जातो आणि दिवा लावून तिच्याकडे बघत बसतो. पन्नाशीला आलेला माणूस, पायात स्लीपर.

तुला हिशेब आवडतात म्हणून सांगतो. हार्लेने 1993 साली बुएलमध्ये 49 टक्के घेतले, पुढे जवळजवळ सगळी कंपनीच घेतली, आणि 2009 च्या ऑक्टोबरात गुंडाळली. बुवाने महिनाभरात त्याच गावात, ईस्ट ट्रॉयला, पुन्हा दुकान मांडलं. मग 2013 मध्ये आपले हिरोवाले आले, अडीच कोटी डॉलर घातले आणि घेतले किती? 49.2 टक्के. दोन्ही वेळा एकोणपन्नास! समोरच्याला वाटावं घर त्याचंच आहे, आणि पैसे मात्र आपले. 2014 ला वर्ल्ड सुपरबाइकमध्ये हिरोच्या नावाने दोन गाड्या पळाल्या, मी टीव्हीसमोर शिट्ट्या मारल्या. यंदा एप्रिलमध्ये 126 माणसं घरी, देणी दोन कोटी डॉलरच्या वर, कारखाना कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात.

आपण तर आपल्या वर्कशॉपच्या भागीदारीत सरळ पन्नास-पन्नास केलं होतं. शेवटचा शब्द कुणाचा हेच ठरलं नाही. म्हणजे नेहमी जो जास्त ओरडेल त्याचा, आणि ओरडायचो मी. (तरी सांगतो, तो सीएनसी, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, घेणं चुकीचं नव्हतं. ऑर्डर चुकीची होती. बरं, राहू दे.)

मागच्या शनिवारी गाडी घेऊन ईस्ट ट्रॉयला गेलो. इथून पाऊण तास. गाव म्हणजे हातकणंगल्याहून लहान, आजूबाजूला मक्याची रानं, त्यात अल्पाइन व्हॅली नावाचं मोठं खुलं थिएटर, बस. कारखान्याच्या रस्त्याचं नाव अजून बुएल ड्राइव्ह आहे. दोनदा दुकान बंद झालं, पाटी कुणी काढली नाही. कुलूप. काचेतून आत टेबलं दिसली, एका खुर्चीवर कुणाचं तरी जाकीट तसंच. मला फोटो हवा होता, गाडी आणि मागे कारखाना. गाडी कडेच्या गवतावर घेतली, स्टँड लावला, चार पावलं मागे गेलो, फोन काढला. रात्री पाऊस झाला होता. स्टँड ओल्या मातीत हळूहळू रुतायला लागला. हळूहळू रे! मला दिसत होतं आणि मी पोचलो नाही. 185 घोडे शून्य वेगात आडवे.

एकट्याने उचलेना. एक म्हातारा पिकअप थांबवून आला, काही न विचारता हँडल धरलं, "वन, टू" म्हणाला, उभी केली. डाव्या फूटरेस्टचा ब्रॅकेट मधोमध तुटला होता. त्याने खाली पडलेला तुकडा उचलला, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, अगदी तू फिरवतोस तसा, आणि म्हणाला, मी इथे असेम्ब्लीला होतो. मग कारखान्याकडे मान करून म्हणाला, याचा अख्खा बॉक्स आत रॅकवर आहे. इथून चाळीस पावलांवर.

मी थँक्यू म्हणालो की नाही आठवत नाही. डोळ्यांपुढे आपले सहाशे बुश आले. पॅक केलेले, चलन फाडलेलं, टेम्पो दारात, आणि शटरला बँकेचं सील. तू टेम्पोवाल्याला चहा पाजून परत पाठवलास. मी शेडच्या पायरीवर बसून व्हिसाची तारीख मोजत होतो, हे तुला माहीत होतं का? मला वाटतं होतं. त्यानंतर तीन आठवड्यांत मी विमानात. हप्ते तू भरलेस, किती वर्षं तेही मला विश्वासकडून कळलं, आणि कळल्यावरही मी फोन केला नाही. काय बोलणार होतो? सीएनसी माझा हट्ट आणि सही दोघांची.

हे सगळं सुजाताला सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलं मी ब्रॅकेटसाठी रडतोय. थोडं तेही होतं.

तर काम असं आहे. जून संपता संपता सुजाताचा भाऊ पुण्याला जातोय, त्याच्याबरोबर दोन्ही तुकडे पाठवतो, पेपरात गुंडाळून, बाणाने खूण करून. तो एसटीने कोल्हापूरला पार्सल करील. ड्रॉइंगही काढलंय, पण दोन होलमधलं अंतर व्हर्नियरने तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं, तेव्हा माझ्यावर विसंबू नकोस, तुकडे जोडून तूच माप घे. 6061 अ‍ॅल्युमिनियम चालेल. पॉलिश नको, तुझ्या मशीनच्या रेघा राहू देत. इथे कुणीही करून देईल, पैसे घेऊन दोन दिवसांत. ते मला नकोय, एवढं समजून घे आणि जास्त विचारू नकोस.

वहिनींना नमस्कार. धाकटीचा बारावीचा निकाल या आठवड्यात लागेल ना, कळव. काकूंचे गुडघे कसे आहेत? उद्यमनगरातला तो मिसळवाला अजून आहे का? थोरल्याने मशीनवर बसायचं ठरवलं असं ऐकलं, चांगलं की वाईट ते तूच सांग.

आणि बिल कर. फुकट पाठवलंस तर गाडीला लावणार नाही. माझ्या नावाने, वर जुनी बाकी मांडून. आकडा तू घाल, मी विचारणार नाही कसा काढलास.

तुझा,
पक्या

ता. क. : क्लचचा लिव्हर नुसता वाकलाय. पन्हाळ्यावर तुझ्या गाडीचा तुटला होता. म्हणजे सुधारणा आहे.