कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर डोळे मिटून विश्वास नको

मा. संपादक,

कारखान्यात आता सगळं कॉम्प्युटरच बघतो, माणसाची गरजच काय, असं सर्रास बोललं जातं, ते खटकतं म्हणून लिहितोय. कंट्रोलर करतो काय, तर सेन्सरकडून आलेलं तापमान किंवा प्रेशर, आणि आपण दिलेला सेट पॉइंट, म्हणजे हवा असलेला आकडा, यातला फरक बघतो आणि त्या हिशोबाने व्हॉल्व्ह उघडतो नाहीतर बंद करतो. फरक आत्ता किती आहे, किती वेळ साचत आलाय आणि किती वेगाने बदलतोय, या तिन्हींचा मेळ घालणारी कंट्रोलची पद्धत म्हणजे पीआयडी. पण हे सगळं उभं आहे ते सेन्सरच्या आकड्यावर!

सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलीअँपिअर असतो, शून्यापासून नाही, कारण वायर तुटली की करंट शून्यावर येतो आणि बिघाड लगेच कळतो. किती साधी पण हुशार गोष्ट आहे ही. मात्र सेन्सर चालू असून चुकीचं सांगत असेल तर ही युक्ती कामाची नाही. २००५ मध्ये अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत उंच टॉवर द्रवाने काठोकाठ भरत होता आणि लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे पातळी मोजून कळवणारं उपकरण, पातळी कमी होतेय असं दाखवत होता, जादाचा, स्वतंत्र हाय लेव्हल अलार्मही वाजला नाही, शेवटी स्फोटात १५ जण गेले.

म्हणून कॅलिब्रेशनचा, म्हणजे सेन्सर बरोबर मोजतोय ना हे तपासून तो नीट लावण्याचा, खर्च आधी कापला जातो तेव्हा फार राग येतो. धोक्याच्या ठिकाणी ट्रिप सिस्टिमचा, म्हणजे धोका दिसताच प्लांट आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर कंट्रोलच्या सेन्सरपासून वेगळाच हवा, आणि आकडा पटत नसेल तर प्लांट थांबवायची मुभा ऑपरेटरला हवी, त्यासाठी साहेबांच्या फोनची वाट बघायला लागू नये.

– एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन