रंगांचे शब्दशः भाषांतर नको

महोदय,

इंग्रजी बातम्या मराठीत आणताना वाक्प्रचारातला रंग जसाच्या तसा उचलला जातो. इंदुरात त्याचा घोटाळा दुप्पट होतो, कारण इथल्या मराठी वाचकाच्या कानात हिंदीही असते.

‘व्हाइट लाय’ घ्या. कुणाचे मन दुखू नये म्हणून मारलेली निरुपद्रवी थाप, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे ‘पांढरे खोटे’ केले की राजवाड्याजवळ पेपर वाचणाऱ्याला ‘सफेद झूठ’ आठवते, आणि ते तर धडधडीत खोटे! बिघडलेल्या भाजीला ‘छान झाली’ म्हणणारा पाहुणा उगाच लबाड ठरतो. इथे रंग गाळून ‘मन राखायला मारलेली थाप’ असे सरळ लिहावे.

हिशेबात तर अर्थ पार फिरतो. तुटीचे आकडे लाल शाईने लिहीत, म्हणून ‘इन द रेड’ म्हणजे तोट्यात आणि ‘इन द ब्लॅक’ म्हणजे नफ्यात. आपल्याकडे काळा म्हटले की पैसा नाहीतर बाजार. ‘कंपनी काळ्यात’ असा मथळा वाचून भागधारकाने शेअर विकले तर दोष कुणाचा?

‘वन्स इन अ ब्लू मून’साठी आपला कपिलाषष्ठीचा योग तयार आहे, निळा चंद्र कशाला? शिवाय सोबतच्या चौकटीत ‘एका महिन्यातली दुसरी पौर्णिमा, त्यावरून हा वाक्प्रचार’ असे छापतात, ते चूक. वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकातही रूढ होता. दुसऱ्या पौर्णिमेची व्याख्या १९४६ साली एका अमेरिकी खगोल मासिकातल्या लेखात, जुन्या पंचांगाचा नियम चुकीचा वाचल्यामुळे आली. त्या रात्री चंद्र निळा दिसत नाही, हेही सांगायला हवे. बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांचे. उरलेल्या अकरा दिवसांची बेरीज त्यांच्याकडे जादा पौर्णिमा देते, आपल्याकडे अधिक मास. ३१ मे २०२६ची पौर्णिमा त्यांचा ‘ब्लू मून’, आणि आपली अधिक ज्येष्ठातली.

सगळेच रंग पुसावेत असे नाही. ‘लालफीतशाही’ चपखल बसली, कारण सरकारी कागद लाल फितीनेच बांधत आणि ती फीत आपल्या कचेऱ्यांतही होती. ‘पांढरा हत्ती’ही रुळला. नवा वाक्प्रचार आला तर उपसंपादकाने तो रंग मराठीत आणि हिंदीत आधीच काय सुचवतो, एवढे तपासावे. अर्थ उलटत असेल तर मथळ्यातून तरी रंग काढावा.

— एक अनुवादक, इंदूर