तासातून एकदा मालकाचंही नाव सांगा: एफसीसीच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. ब्रेंडन कार,
अध्यक्ष, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन,
वॉशिंग्टन डी. सी.

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या रेडिओ-टीव्ही स्टेशनांना परवाने देणाऱ्या आपल्या आयोगाच्या कार्यालयाकडे या पत्राची इंग्रजी प्रत पाठवते आहे. इथे ते मराठीत लिहिते आहे, कारण न्यू जर्सीतल्या माझ्या मराठी मंडळींनीही रेडिओ स्टेशनचा मालक कोण हे श्रोत्याला ऐकू यावं, हा विषय मनावर घ्यावा असं मला वाटतं. आमच्यातल्या कितीतरी जणांना या देशात पहिली सोबत गाडीतल्या रेडिओनं केली.

मी मूळची सांगलीची. १९९६ साली लग्न होऊन एडिसनला आले. सकाळी नवऱ्याला मेट्रोपार्कला ट्रेनसाठी सोडायचं आणि परत येताना ९५.५ लावायचं, हा माझा नेम. त्या लहरीवरच्या डब्ल्यूपीएलजे या न्यूयॉर्कच्या संगीत स्टेशनवर तेव्हा सकाळी स्कॉट शॅनन आणि टॉड पेटेंगिल बोलायचे. पहिला हिवाळा संपला तरी त्यांचे विनोद मला कळत नव्हते, नुसतं हसणं ऐकू यायचं. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मी गाडीत एकटीच खळखळून हसले आणि घरी आल्यावर आईला पत्रातून ते कळवलं. इंग्रजी येऊ लागल्याचा तो माझ्यापुरता पुरावा होता.

फेब्रुवारी २०१९मध्ये बातमी आली की क्युम्युलस मीडिया ही कंपनी डब्ल्यूपीएलजे आणि आणखी पाच स्टेशनं मिळून १० कोटी ३५ लाख डॉलरला विकते आहे. घेणारी होती एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन, म्हणजे ‘के-लव्ह’ हे ख्रिस्ती संगीताचं जाळं चालवणारी संस्था. शेवटच्या दिवसांत जुने निवेदक परत येऊन माईकवर बसले. ३१ मेच्या संध्याकाळी सात वाजता ९५.५वर के-लव्ह सुरू झालं. त्याआधी लॉस एंजेलिसचं ‘द साउंड’ २०१७मध्ये आणि शिकागोचं ‘द लूप’ २०१८मध्ये याच वाटेनं गेलं होतं. देणग्यांवर चालणारी, जाहिराती न घेणारी एक संस्था मोठमोठ्या शहरांतल्या व्यापारी लहरी एकामागून एक विकत घेत गेली. काही व्यापारी कंपन्या कर्जानं वाकलेल्या होत्या, त्यांना रोख पैसा हवा होता. व्यवहार कायदेशीर होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

धर्माबद्दल तर मुळीच नाही. आमच्या घरी सकाळ उजाडायची ती आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर. केंद्राची धून, मग भक्तिगीतं, अभंग. आजी स्नान करून तुळशीला पाणी घालायची तेव्हा रेडिओ सुरूच असायचा. रेडिओवरच्या भक्तीनं माणसाला केवढा धीर येतो, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आज आमच्या शेजारी एक परिचारिका राहतात. रात्रपाळी संपवून घरी येताना त्या के-लव्हच ऐकतात आणि दरमहा त्याला देणगीही देतात. ज्या रात्री वॉर्डात कुणी दगावतं, त्या रात्रीनंतर हीच गाणी त्यांना घरापर्यंत आणतात, असं त्यांनी मला सांगितलं आहे. त्यांच्या कानातून ते संगीत काढून घ्यावं असं मी स्वप्नातही म्हणणार नाही.

कोणत्या स्टेशननं काय वाजवावं यात आयोग पडत नाही, हेही मला माहीत आहे. १९७४मध्ये न्यूयॉर्कचं शास्त्रीय संगीताचं डब्ल्यूएनसीएन एकाएकी रॉक वाजवू लागलं, तेव्हा श्रोत्यांनी संघटना काढून झुंज दिली आणि पुढच्या वर्षी ते संगीत परत आणलं. पण त्याच संघटनेच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं आयोगाचं धोरण उचलून धरलं: संगीताचा प्रकार बाजार ठरवील. परवाना दुसऱ्या कुणाला दिला असता तर लोकांचं अधिक भलं झालं असतं का, हा प्रश्न तर विक्रीच्या वेळी विचारायलाही कायद्यानं आपल्याला मनाई आहे. भारतात धार्मिक संस्थांना खासगी एफएमचा परवानाच मिळत नाही. तो त्या देशाचा निर्णय. इथली राज्यघटना वेगळी आहे आणि मी इथली नागरिक आहे, म्हणून तसली बंदी मी मागत नाही.

माझा प्रश्न नावाचा आहे.

आपल्या नियमांतलं कलम ७३.१२०१ सांगतं की प्रत्येक स्टेशननं दर तासाला, तास भरण्याच्या सुमारास, आपली ओळख द्यावी: आधी कॉल लेटर्स, म्हणजे डब्ल्यूपीएलजेसारखी स्टेशनची अधिकृत अक्षरं, लगेच त्यापुढे ज्या गावासाठी परवाना आहे त्याचं नाव. या दोहोंच्या मध्ये परवानाधारकाचं, म्हणजे मालकाचं, नाव घालण्याची मुभा आहे. घालायलाच हवं असं नाही. साहजिकच फारसं कुणी घालत नाही.

आता डब्ल्यूपीएलजेचंच पाहा. ही अक्षरं आली १९७१मध्ये, ‘व्हाइट पोर्ट अँड लेमन ज्यूस’ या पेयावरच्या एका जुन्या गाण्यावरून. व्हाइट पोर्ट म्हणजे पांढरी वाइन. वाइनच्या गाण्यावरून नाव मिळालेल्या त्या स्टेशनवर आज उपासनेची गाणी वाजतात आणि तासाला एकदा तीच चार अक्षरं उच्चारली जातात. वॉशिंग्टन, अटलांटा, शिकागो, लॉस एंजेलिस इथे अक्षरंही बदलली, न्यूयॉर्कमध्ये ती राहिली. वर्षानुवर्षं ज्याची पाटी वाचत आलो त्या दुकानावर पाटी तीच, आत माल वेगळा, मालक वेगळा, आणि मालकाचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

आणि जे नाव दिवसभर कानावर पडतं, त्याचं काय? या देशात मिसिसिपी नदीच्या पूर्वेला कॉल लेटर्स साधारणपणे ‘डब्ल्यू’नं सुरू होतात आणि पश्चिमेला ‘के’नं. ‘के-लव्ह’ हे ऐकायला थेट कॉल लेटर्ससारखं वाटतं. न्यू जर्सीत ते ऐकणाऱ्या नवख्या माणसाला वाटावं की हे कुठल्या तरी एका स्टेशनचं नाव आहे. ते एक स्टेशन नाही, देशभरातल्या शेकडो ट्रान्समीटरांवर एकाच वेळी वाजणारा एकच कार्यक्रम आहे, टेनेसीतल्या फ्रँकलिनला मुख्यालय असलेल्या संस्थेचा. लॉस एंजेलिसमध्ये तर ‘के-लव्ह’ म्हटलं की हजारो घरांना १०७.५वरचं स्पॅनिश स्टेशन आठवतं, ते तिथे कितीतरी आधीपासून त्या नावानं नांदतं आहे. दोन मालकांमधला नावाचा तंटा सोडवायला ट्रेडमार्कचा कायदा आहे. श्रोत्याला मात्र आपल्या गावाच्या लहरीवर कोण बोलतंय हे कळण्यासाठी काहीच नाही.

हा ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती असा वाद आहे असं आपल्याला कुणी सांगेल, तर ‘द फिश’ची गोष्ट आठवावी. सेलम मीडिया ही स्वतः ख्रिस्ती कंपनी. तिची ‘द फिश’सारखी ख्रिस्ती संगीताची स्टेशनं लॉस एंजेलिस, अटलांटा, पोर्टलंड अशा शहरांत होती, डॅलसमध्ये केएलटीवाय होतं. तिथले निवेदक त्या त्या शहरातले, जाहिराती तिथल्याच टायरवाल्यांच्या आणि दंतवैद्यांच्या. २०२४च्या अखेरीस अशी सात स्टेशनं ८ कोटी डॉलरला के-लव्हच्याच संस्थेला विकल्याचं जाहीर झालं आणि २०२५च्या फेब्रुवारीत तिथेही एकच राष्ट्रीय कार्यक्रम आला. तेच येशूचं नाव घेणारे श्रोते, पण त्यांच्या शहराचा आवाज गेला. डब्ल्यूपीएलजे गेल्यावर मला जे झालं, ते डॅलसमधल्या एखाद्या चर्चमध्ये जाणाऱ्या आजींनाही झालं असेल.

उलट उदाहरणही आहे. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या मालकीची बोनव्हिल कंपनी सिॲटल, फीनिक्स अशा शहरांत बातम्या आणि खेळांची व्यापारी स्टेशनं चालवते. त्यांवर दिवसभर प्रवचनं होत नाहीत. ती ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना मालक कोण हे ठाऊक असेल? धर्मसंस्था मालक असली म्हणजे कार्यक्रम धार्मिकच असतो असं नाही, म्हणून नुसतं ऐकून मालक ओळखता येत नाही. गुंतवणूक निधीच्या ताब्यातल्या स्टेशनांनाही हेच लागू आहे. मी जे मागते आहे ते सगळ्यांसाठी सारखं मागते आहे.

दूरच्या मालकाचं नाव माहीत असणं कधी कामाला येतं, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी एका वादळात आमच्याकडची वीज गेली, फोनला रेंज नव्हती. मी बॅटरीचा रेडिओ लावला. जवळच्या गावाच्या नावावर परवाना असलेल्या एका स्टेशनवर (त्याचं नाव मी घेत नाही, ते धार्मिकही नव्हतं) शांतपणे गाणी वाजत होती. निवेदिका भलत्याच राज्यातून ऊन कसं छान पडलंय ते सांगत होती. दुसऱ्या दिवशी मला त्यांना कळवायचं होतं की आमच्या रस्त्यावर तारा तुटून पडल्या आहेत, लोकांना सावध करा. कुणाला कळवायचं तेच सापडेना. २०१७पर्यंत स्टेशनला आपल्या गावात किंवा आसपास मुख्य स्टुडिओ ठेवावा लागे, तिथे जाऊन दार वाजवता येई. त्या वर्षी आयोगानं तो नियम काढला. तो परत आणा असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही, छोट्या स्टेशनांना भाड्याचा खर्च झेपत नाही हे मला कळतं. पण दार गेलं, तर दारावरची पाटी तरी ऐकू येऊ द्या.

विक्रीच्या अर्जाची सूचना रेडिओवरून द्यावी लागते, हे मी जाणते. ती ऐकून पाहिली आहे. तिचा बराचसा भाग वेबसाइटचा पत्ता वाचण्यात जातो, आणि गाडी चालवणारा माणूस तो लिहून घेऊ शकत नाही. सूचना विक्रीपूर्वीची असते. खरा प्रश्न पडतो तो विक्रीनंतर, नेहमीचं बटण दाबल्यावर अनोळखी आवाज येतो तेव्हा.

म्हणून मागणी एवढीच: कलम ७३.१२०१मध्ये परवानाधारकाचं नाव घालायची जी मुभा आहे, तिची सक्ती करावी. मालक बदलल्यावर पहिले काही आठवडे त्याच वेळी साध्या भाषेत सांगावं की हे स्टेशन आता अमुक संस्थेचं आहे आणि कार्यक्रम अमुक ठिकाणाहून येतो. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद.

आपल्या कारकिर्दीत आयोग नियम वाढवण्यापेक्षा काढण्याकडे झुकला आहे, २०२५च्या मार्चमध्ये आपण जुन्या नियमांच्या छाटणीची मोहीमच सुरू केली. त्यामुळे ही मागणी आपल्याला उलट्या दिशेची वाटेल. पण जाहिरातीचे पैसे कुणी दिले ते सांगायला आपला कायदा रेडिओला कितीतरी दशकं भाग पाडतो आहे. तीस सेकंदांच्या जाहिरातीमागचा माणूस श्रोत्याला कळायला हवा आणि चोवीस तासांच्या प्रसारणामागचा कळला नाही तरी चालेल, हे पटण्यासारखं नाही. शिवाय मोठ्या टीव्ही नेटवर्कांपुढे स्थानिक स्टेशनांची बाजू आपण स्वतः वारंवार घेतली आहे. परवाना गावाच्या नावावर असतो, तेव्हा गावाशी बांधिलकी हवी, हे आपलंच म्हणणं आहे. रेडिओलाही ते लावावं.

माझ्या शेजारीणबाईंना हे पत्र मी वाचून दाखवलं. ज्या संस्थेला त्या देणगी देतात तिचं नाव दर तासाला अभिमानानं घेतलं गेलं तर त्यांना आनंदच होईल, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या संमतीनं हे लिहिते आहे.

मी अजूनही मेट्रोपार्कच्या रस्त्यानं जाते, आता मुलीला सोडायला. सिग्नलला थांबले की हात आपोआप ९५.५कडे जातो. तास भरताना तिथे आधी चार अक्षरं ऐकू यावीत, मग मालकाचं पूर्ण नाव, मग ‘न्यूयॉर्क’.

आपली नम्र,
एक श्रोती
एडिसन, न्यू जर्सी