डीएक्स-७ मधली नारोशंकराची घंटा वाचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

नाव द्यायचं नाही, गल्ली सांगायची नाही, फोन नंबर तर अजिबात नाही, असं तुम्ही बजावून ठेवलंय. "आहेत तीच कामं उरकत नाहीत." म्हणून सातपूरच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळून निवृत्त झालेले सिडकोतले काका, एवढंच लिहिते. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

माझ्या सिंथचा (सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या कीबोर्डचा) सेल बदलल्याचे पैसे तुम्ही घेतलेत, तो हिशेब मिटला. हे पत्र सेलला हात लावण्याआधी तुम्ही जे केलंत त्यासाठी आहे. उघडं पत्र आहे, तेव्हा इतरांसाठी थोडं मागचंही सांगावं लागेल.

माझ्याकडचा सिंथ म्हणजे यामाहाचा डीएक्स-७, १९८३ साली बाजारात आलेला. ६१ पट्ट्या, एका वेळी १६ स्वर, धातूचं अंग आणि चौदा किलोच्या आसपास वजन. स्पीकर नाही, रिदम नाही. घरी आणला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढा मोठा कॅसिओ आणि ताल नाही?" नाशिकरोडच्या एका वादकांकडून मी तो घेतला. दिवसा प्रेसमध्ये नोकरी, रात्री ऑर्केस्ट्रा, असं त्यांचं आयुष्य गेलं. आता बोटं साथ देत नाहीत आणि मुक्काम पुण्याला मुलाकडे. रिक्षात सिंथ चढवताना ते म्हणाले, "आतले आवाज मी बनवलेत. तेवढे सांभाळा."

या सिंथच्या पोटात ३२ आवाजांची जागा असते आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा अक्षरांचं नाव देता येतं. त्यांनी बनवलेल्यांत जलतरंग होता, संतूर होता, दोन तऱ्हेच्या सनया होत्या, एक एकतारी होती. आणि सव्वीस नंबरला 'नारोशंकर'. रोमन लिपीत त्या नावाला अकरा अक्षरं लागतात, म्हणून शेवटचा 'ए' गाळलेला. पंचवटीतल्या १७४७ सालच्या त्या मंदिराची घंटा नाशिककरांना वेगळी सांगायला नको. पूर आला की पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं आणि घंटेला टेकलं का, हेच आपण आधी विचारतो. या गृहस्थांनी ती घंटा सिंथवर उतरवायचा घाट घातला होता. खालच्या पट्टीत एकच स्वर दाबून धरला तर आधी ठोका येतो, मग घुमारा, आणि तो घुमारा विरता विरता किंचित हेलकावतो. भक्तिगीताच्या सुरुवातीला ते वाजवायचे म्हणे.

हे सगळं ज्या मेमरीत राहतं ती आतल्या एका नाणेवजा लिथियम सेलवर जिवंत असते. सेल बोर्डला डाग देऊन बसवलेला. तो संपला की ३२ जागांवर कचरा उरतो. सिंथ चालू राहतो, पण आवाज गेलेले असतात. बॅटरी किती उरली हे तो स्वतःच्या पडद्यावर दाखवतो. तीन व्होल्टच्या सेलचा आकडा दोनच्या जवळ आलेला पाहिला आणि मी घाबरले. शहरातल्या एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले, "ठेवून जा, संध्याकाळी सेल बदलून देतो. मेमरी उडेल, पण कंपनीचे आवाज नेटवर ढिगाने मिळतात, ते भरून घ्या." त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

तुम्ही मात्र आधी सिंथ उलटा करून मागची व्होल्टेजची पट्टी वाचलीत. जपानातल्या बाजारासाठी बनलेला १०० व्होल्टचा असता तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावताच बसला असता, म्हणून. हा आपल्याकडच्या व्होल्टेजवर चालणारा निघाला. मग तुम्ही विचारलंत, "यातले आवाज कुठे लिहून ठेवलेत का?" एका आवाजाच्या दीडशेहून जास्त संख्या असतात, पूर्वी लोक त्या छापील तक्त्यावर हाताने भरून ठेवत. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. "मग आज पेचकस लागणार नाही," एवढं बोलून तुम्ही सिंथ लॅपटॉपला जोडणारी मिडीची केबल शोधायला उठलात.

त्या संध्याकाळी तुम्ही केलेलं मला पाठ झालंय. फंक्शनमध्ये जाऊन आठ नंबरचं बटण, 'सिस इन्फो' (आतली माहिती बाहेर द्यायची मुभा) अनअव्हेलवरून अव्हेलवर, पुन्हा तेच बटण, ट्रान्समिटला 'येस'. लॅपटॉपवर ४१०४ बाइट्सची फाइल आली. आजकाल मोबाइलवर सकाळी येणारा एक सुप्रभातचा फोटोसुद्धा तिच्या कितीतरी पट मोठा असतो. मला वाटलं, झालं. तुम्ही म्हणालात, "फाइल आली म्हणजे आवाज आला असं नाही." डेक्स्ड नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडलीत, सव्वीस नंबर निवडलात आणि मला पट्टी दाबायला सांगितलंत. लॅपटॉपच्या फुटकळ स्पीकरमधून नारोशंकर बोलला. सेल काढायची वेळ त्यानंतर आली. नवा सेल थेट डाग न देता तुम्ही होल्डर बसवलात, पुढच्या वेळी कुणाला सोल्डरिंग करावं लागू नये म्हणून. मग मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे मेमरीचं कुलूप, बंद करून फाइल परत आत सोडलीत. बिलात सेल, होल्डर आणि मजुरी होती. आवाज उतरवून घेण्याचा एक पैसाही नव्हता. विचारलं तर म्हणालात, "त्यात माझं काय गेलं?"

तुम्हाला सा कुठला आणि प कुठला हे कळत नाही, असं तुम्हीच सांगता. तरी हा सिंथ मला उलगडून दाखवलात तुम्ही. एडिटमध्ये पहिली सहा बटणं म्हणजे सहा ऑपरेटर, ज्यांच्यापासून प्रत्येक आवाज घडतो ते घटक. एकेक बंद करायचा, पडद्यावर एकाच्या जागी शून्य येतं, आणि कान देऊन ऐकायचं की काय गेलं. घंटेतला एक बंद केला तर ठोका गेला. दुसरा बंद केला तर हेलकावा गेला. काही बंद केले तर अख्खा थरच नाहीसा झाला. इतकी वर्षं मी पेटी आणि कीबोर्ड वाजवतेय, पण आवाज असा सोलून पाहता येतो हे माझ्या गावीही नव्हतं.

फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, म्हणजे हा सिंथ ज्या तंत्राने आवाज घडवतो ते, तुम्ही समजावलंत तेही कारखान्याच्या भाषेत सुरू झालं आणि माझ्या भाषेत संपलं. गायकाच्या आवाजातला कंप सेकंदाला पाच-सहा वेळा होतो. तो वाढवत वाढवत शंभरांत नेला तर कंप म्हणून ऐकूच येत नाही, स्वराचा पोत बदलतो. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांना १९६७ साली कंप वाढवून पाहतानाच हे सापडलं, आणि यामाहाने पुढे त्यांचं तंत्र घेतलं. दोन ऑपरेटरांचं प्रमाण पूर्णांकात असलं तर आवाज सुरेल लागतो, अपूर्णांकात गेलं की धातू वाजायला लागतो. नारोशंकरातले आकडे पाहिले तर बहुतेक सगळे अपूर्णांकात. नाशिकरोडच्या त्या गृहस्थांना ही थिअरी माहीत होती की नुसत्या कानाने ते तिथवर पोचले, कोण जाणे. फोनवर विचारलं तर हसले आणि म्हणाले, "रात्री जेवण झाल्यावर बसायचो."

ती फाइल मी त्यांनाही पाठवली. त्यांच्या नातवाने लॅपटॉपवर लावून दिली. त्यांनी सगळे आवाज ऐकले आणि दुसऱ्या दिवशी मला तक्रार केली की अकरा नंबरची सनई फार कर्कश आहे, तेव्हाच बदलायची राहून गेली होती. ती मी आता त्यांच्या सांगण्यावरून बदलतेय. ते फोनवर ऐकतात, मी बटणं दाबते. मूळ सनई वेगळ्या फाइलमध्ये ठेवलीय, ही सवयही तुमचीच.

दिवाळीतल्या पाडवा पहाटेला आमचा ग्रुप वाजवणार आहे, डीएक्स-७ असेल. याच्या पडद्याला दिवा नाही, अंधारात आवाजांची नावं दिसत नाहीत. एक छोटा क्लिपचा दिवा सुचवा. वरच्या सप्तकातला कोमल निषाद कधी कधी दोनदा लागतो, तो दाखवायला पुढच्या आठवड्यात येतेच आहे. या वेळी मजुरी पूर्ण लावा, नाहीतर मला दुसरीकडे जावं लागेल आणि ते आपल्या दोघांनाही परवडणार नाही.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपली,
कॉलेज रोडची सिंथवाली